रीफ टँकमधला अतिनील दिवा: कधी लावावा, कधी बंद ठेवावा

खाऱ्या पाण्याचा प्रवाळ-टँक सांभाळणाऱ्यांची मिठाबद्दल, स्किमरबद्दल, दिव्यांबद्दल मते थोडीफार जुळतात. यूव्ही म्हणजे अतिनील स्टरिलायझरचा विषय निघाला की ती फाटतात. एक जण सांगतो, टँक सुरू केल्यापासून दिवा चोवीस तास चालू आहे आणि म्हणूनच मासे टिकले. दुसरा तितक्याच खात्रीने सांगतो, की हा दिवा पाण्यातले जीवन मारतो आणि प्रवाळाच्या टँकमध्ये त्याला जागाच नाही. दोघांच्याही घरचे टँक बघण्यासारखे असतात. त्यामुळे एकाचा टँक पाहून दुसऱ्याचे म्हणणे खोटे ठरवता येत नाही. हा वाद कुठून आला, कोणत्या बाजूला कितपत पुरावा आहे आणि काय अजून ठरायचे आहे, हे इथे क्रमाने पाहू.

दिवा करतो काय

घरगुती यूव्ही स्टरिलायझर म्हणजे प्लॅस्टिकच्या नळकांड्यात बसवलेला कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा. त्याच्याभोवती क्वॉर्ट्झची नळी असते. ही नळी आणि बाहेरचे कवच यांच्यामधून पंप पाणी ढकलतो. दिव्यातून मुख्यतः २५३.७ नॅनोमीटरचे किरण निघतात. साध्या काचेतून ते पार होत नाहीत, म्हणून क्वॉर्ट्झ लागते. पेशीच्या डीएनएमध्ये शेजारीशेजारी असलेले थायमिनचे घटक या किरणांनी एकमेकांना चिकटतात. मग डीएनएची प्रत नीट निघत नाही आणि पेशीला विभागता येत नाही. म्हणजे बहुतेक सूक्ष्मजीव नळकांड्यातून बाहेर पडताना जिवंतच असतात, पण त्यांची पुढची पिढी होत नाही.

किरणांची मात्रा ठरते ती तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकाराने. मोजमाप मायक्रोवॅट-सेकंद दर चौरस सेंटिमीटरला असे करतात. पुढे मी नुसताच आकडा देतो. पाण्यातल्या बहुतेक जिवाणूंना पाच ते पंधरा हजारांच्या आसपासची मात्रा पुरते. तरंगत्या शेवाळाला बरीच जास्त लागते. माशांच्या परजीवींसाठी लाखाच्या पुढे जावे लागते. प्रवाह दुप्पट केला की मात्रा निम्मी होते. याच आकडेमोडीत बराचसा वाद दडलेला आहे, आणि दुकानात दिवा घेताना तिचा विचार क्वचितच होतो.

खोक्यावर छापलेली मात्रा नवा दिवा आणि स्वच्छ नळी धरून काढलेली असते. बरेच महिने न उघडलेले स्टरिलायझर वीज बंद करून उघडून पाहावे. बाहेरून दिवा पेटत असल्याचे दिसत असते, पण आत क्वॉर्ट्झवर बोटाला खरखरीत लागणारा पांढरट थर असतो आणि त्यावर बुळबुळीत तपकिरी पापुद्रा चढलेला असतो. हा थर व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर निघतो. निघेपर्यंत मात्र दिवा पाण्यासाठी जवळजवळ बंदच असतो. दिव्याची ताकदही हळूहळू उतरत जाते, म्हणून तो पेटत असला तरी नऊ ते बारा महिन्यांनी बदलावा लागतो. ‘यूव्ही लावला, फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्याला आधी नळी कधी पुसली आणि दिवा कधी बदलला हे विचारायला हवे.

वाद कुठून आला

सूर्यप्रकाशाने जिवाणूंची वाढ थांबते हे आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट यांनी १८७७ मध्ये दाखवले. पाऱ्याचे दिवे आणि क्वॉर्ट्झची नळी हाताशी आल्यावर १९१० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याचे पाणी अशा किरणांनी शुद्ध करून पाहिले गेले. समुद्राच्या पाण्यावर हे तंत्र आले ते शिंपले शुद्ध करणाऱ्या केंद्रांतून आणि मोठ्या मत्स्यालयांतून. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाने १९६०च्या दशकातच बंदिस्त खाऱ्या पाण्याच्या यंत्रणेत यूव्हीचा वापर केला होता. अशा ठिकाणी एकाच पाण्यावर अनेक टाक्या चालतात. एका टाकीतला रोग दुसरीत जाऊ द्यायचा नाही, हा तिथला हेतू.

घरगुती प्रवाळ-टँकची परंपरा वेगळ्या वाटेने वाढली. १९६०च्या सुमारास इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेला जिवंत खडक, ताजे पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालवून दाखवला. पुढे जर्मनीत बर्लिन पद्धत रुजली. तिच्यात भरपूर खडक, जोरकस प्रोटीन स्किमर (फेसातून सेंद्रिय मळ काढणारे यंत्र) आणि तीव्र प्रकाश असतो. या दोन्ही वाटांवर सूक्ष्मजीवांकडे सोबती म्हणून पाहिले जाते. निर्जंतुक करणारा दिवा या विचारात सहज बसत नाही. ‘यूव्ही माशांच्या टँकला, प्रवाळाच्या टँकला नाही’ हा जुना ठोकताळा इथूनच आला.

शास्त्रीय बाजूने पहिला ठोस आक्षेप १९८१ मध्ये आला. स्टीफन स्पॉट आणि गॅरी अ‍ॅडम्स यांनी ‘मरीन इकॉलॉजी प्रोग्रेस सिरीज’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. बंदिस्त यंत्रणेत यूव्हीने रोगजंतू कमी होतात हे तथ्य आहे की आभास, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. त्यांचा मुद्दा साधा होता. दिव्याच्या नळकांड्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू कमी झाले, एवढ्यावरून टाकीतले जंतू कमी झाले असे म्हणता येत नाही. माशाच्या अंगावर, वाळूत, खडकावर जंतू वाढतच असतात. त्यांच्या वाढीचा वेग दिव्याच्या वेगापेक्षा जास्त असेल, तर टाकीत फरक दिसणार नाही.

दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, जॉन ग्रॅटझेक आणि सहकाऱ्यांचा गोड्या पाण्यातल्या इक या परजीवीवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच पाण्यावर चालणाऱ्या टाक्यांमध्ये यूव्ही पुरेशा मात्रेने लावला, तर रोग एका टाकीतून दुसरीत जाणे थांबते, असे त्यातून दिसले. वरवर पाहता हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. टाकी ते टाकी जाणारे पाणी सगळेच्या सगळे दिव्याखालून जाते. एकाच टाकीतल्या एका माशाकडून शेजारच्या माशाकडे जाणारा परजीवी दिव्याच्या वाटेला जाईलच असे नाही. मासेविक्रीच्या दुकानात, जिथे अनेक टाक्या एकाच संपवर, म्हणजे खालच्या सामाईक टाकीवर, चालतात, तिथे यूव्ही कायम चालू असावा याबद्दल म्हणूनच फारसा वाद नाही.

पांढरे ठिपके

बहुतेक लोक यूव्ही विकत घेतात तो टँग माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसल्यावर. हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स, म्हणजे समुद्री इक. त्याचे जीवनचक्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय दिव्याचा उपयोग किती हे समजत नाही.

हा परजीवी माशाच्या कातडीत साधारण तीन ते सात दिवस खातो, फुगतो आणि मग सुटतो. थोडा वेळ तळाशी सरपटून तो एखाद्या खडकावर, वाळूच्या कणावर किंवा काचेच्या कोपऱ्यात चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. कवचाच्या आत विभागणी होत राहते. काही दिवसांनी, कधी कधी काही आठवड्यांनी, त्यातून शेकडो पोहणारी पिल्ले बाहेर पडतात. ती मुख्यतः रात्रीच्या अखेरच्या अंधारात सुटतात, जेव्हा मासे कपारीत निजलेले असतात. सुटल्यावर पहिल्या सहा-आठ तासांत ती सर्वात धोकादायक असतात, पुढे त्यांची माशाला धरण्याची ताकद झपाट्याने घटते.

या सगळ्या चक्रात दिव्याच्या तावडीत येऊ शकते ती फक्त ही पोहणारी अवस्था. कातडीतला परजीवी आणि कवचातला परजीवी दिव्याच्या नळकांड्यातून जातच नाहीत. त्यातही कवच बहुधा माशाच्या झोपण्याच्या जागेजवळ असते, त्यामुळे पिल्लाला आपला मासा गाठायला काही सेंटिमीटरच पोहावे लागते.

आता वेगाचा हिशेब. ४०० लिटरच्या टँकमध्ये तासाला ४०० लिटर पाणी यूव्हीतून गेले, पाणी चांगले घुसळले जात असले आणि दिवा प्रत्येक पिल्लाला निकामी करत असला, तर सहा तासांत हजारात दोन-तीन पिल्ले उरतील. तोच प्रवाह तासाला १०० लिटर ठेवला तर शंभरातली बावीस उरतील. म्हणजे प्रवाह जास्त हवा. पण प्रवाह वाढवला की मात्रा घटते. क्रिप्टोकॅरिऑनच्या पोहणाऱ्या अवस्थेसाठी साहित्यात २,८०,००० पासून ८,००,००० पर्यंत मात्रा सुचवलेल्या आहेत. इतक्या मात्रेने आणि इतक्या प्रवाहाने एकाच वेळी काम करणारा दिवा घरच्या टँकला बहुधा लावलेलाच नसतो. छोटा दिवा आणि मोठा पंप ही नेहमीची जोडी परजीवीला थोडा चटका देते, एवढेच.

यावर दोन भूमिका आहेत. एक गट म्हणतो, मासा आधी क्वारंटाइन टँकमध्ये ठेवा, तांब्याचे औषध द्या, आणि मुख्य टँक अडीच महिने माशांविना ठेवा, कारण कवचातून पिल्ले बाहेर पडायला ७२ दिवसांपर्यंत वेळ लागल्याची नोंद आहे. यूव्हीने हे काम होत नाही आणि त्याच्या भरवशावर लोक क्वारंटाइन टाळतात, ही त्यांची खरी तक्रार. दुसरा गट रोगासह जगण्याची भाषा करतो. परजीवी टँकमध्ये राहिला तरी पाण्यातल्या पिल्लांची संख्या कमी ठेवता आली, मासा नीट खात असला आणि एकदा होऊन गेलेल्या संसर्गाने त्याला काही प्रतिकारशक्ती आली असली, तर तो निभावतो. मोठा दिवा ही संख्या खाली ठेवतो.

दुसऱ्या गटाचे म्हणणे तर्काला धरून आहे. मात्र मोठा दिवा, स्वच्छ नळी, योग्य प्रवाह आणि धडधाकट मासे या चारही गोष्टी जुळल्या तरच ते खरे ठरते. ठिपके दिसल्यावर घाईने आणलेल्या नऊ वॅटच्या दिव्यातून ते घडत नाही, आणि त्या घाईत गेलेले आठ दिवस माशाच्या जिवावर बेततात. मासा आजारी असेल तर आधी त्याच्यावर उपचार करायला हवेत, एवढे मी आग्रहाने म्हणेन. मखमली रोग म्हणजे अमायलोओडिनियम असेल तर आणखीच घाई हवी. त्याच्या पोहणाऱ्या अवस्थेला मात्रा कमी, सुमारे लाखभर, लागते असे मानले जाते, पण तो माशाला काही दिवसांतच संपवतो.

डायनो: जिथे दिव्याची बाजू भक्कम आहे

गेल्या दहा-पंधरा वर्षांत यूव्हीला पुन्हा मान मिळाला तो डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो) या एकपेशीय सूक्ष्मजीवांमुळे. कोरड्या खडकावर सुरू केलेले, नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणलेले टँक वाढले, आणि त्यांच्याबरोबर वाळूवर, प्रवाळाच्या टोकांवर पसरणारी तपकिरी, तारेसारखी लोंबणारी, बुडबुडे धरून ठेवणारी शेंबडी साय वाढली. दिवसा ती दाट दिसते, रात्री विरते, सकाळी पुन्हा येते.

ती साय कोणत्या डायनोची हे ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो. त्या सायीचा एक थेंब काचपट्टीवर ठेवावा. पेशी थेंबाच्या आकाराच्या, एका बाजूला टोकदार आणि त्या टोकाशी खिळल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरत असतील, तर ती ऑस्ट्रिऑप्सिस. पेशी लंबगोल, पुढे छोटीशी चोच असलेल्या, वाळूच्या कणांमधून सरकणाऱ्या असतील, तर बहुधा मोठ्या पेशींची अ‍ॅम्फिडिनियम. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात उतरते, म्हणजे स्वतःच दिव्याच्या वाटेवर येते. अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहते. तिच्यासाठी कितीही मोठा दिवा लावला तरी तिच्या अंगावर किरण पडत नाही.

ऑस्ट्रिऑप्सिससाठी रूढ झालेली पद्धत अशी: दर दहा-बारा लिटरला एक वॅट या हिशेबाने मोठा दिवा, पाणी थेट मुख्य टँकमधून घेऊन थेट तिथेच सोडायचे, संपमधून नाही, आणि रात्री तो चालू असलाच पाहिजे. त्याबरोबर नायट्रेट पाच-दहा पीपीएमपर्यंत आणि फॉस्फेट शून्याच्या वर आणायचे, म्हणजे इतर शेवाळाला आणि जिवाणूंना जागा धरता येते. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनही लागतो. ऑस्ट्रिऑप्सिसमध्ये पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषे असतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीत जेनोआच्या किनाऱ्यावर तिचा उद्रेक झाला, तेव्हा सुमारे दोनशे माणसांना ताप, खोकला आणि श्वासाचा त्रास घेऊन उपचारासाठी जावे लागले. टँकमध्ये ती मोठ्या संख्येने मरते तेव्हा तेच विष गोगलगायींना भोगावे लागते.

हा पुरावा प्रयोगशाळेतला नाही, हौशी लोकांच्या नोंदींचा आहे. पण तो सातत्याचा आहे, त्यामागचे कारण जीवाच्या वागण्यातून समजते, आणि जिथे उपाय चालत नाही तिथे तो का चालत नाही हेही त्याच कारणातून कळते. यूव्ही कधी वापरावा या प्रश्नाला आज असलेले सर्वात स्वच्छ उत्तर मला हेच वाटते.

पाणी हिरवे होणे किंवा जिवाणूंच्या उद्रेकाने दुधाळ होणे यावरही दिवा लवकर उतारा देतो, कारण तिथे सगळा उपद्रव पाण्यातच तरंगत असतो. पाण्याचा पिवळेपणा घालवायला मात्र कार्बन किंवा ओझोन बरा. काचेवरचे, खडकावरचे केसाळ शेवाळ दिव्याने जात नाही.

सतत चालू ठेवण्यावरचे आक्षेप

सर्वात जास्त ऐकू येणारा आक्षेप म्हणजे यूव्ही चांगले जिवाणू मारतो. अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू खडकावर आणि वाळूवर चिकटून राहतात, त्यांना दिवा भेटतच नाही. त्यामुळे जम बसलेल्या टँकपुरता हा आक्षेप लागू पडत नाही. नव्या टँकमध्ये बाटलीतले जिवाणू टाकल्यावर काही दिवस दिवा बंद ठेवावा, याला दोन्ही बाजूंची संमती आहे.

दुसरा आक्षेप अन्नाचा. प्रवाळ पाण्यातले जिवाणू आणि सूक्ष्म प्लवक खातात. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या केन फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की स्किमर आणि कार्बन चालू असलेल्या प्रवाळ-टँकच्या पाण्यात जिवाणूंची संख्या नैसर्गिक प्रवाळभित्तीच्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. हा आकडा दोन्ही बाजू वापरतात. एक बाजू म्हणते, पाणी आधीच इतके उपाशी आहे, त्यात दिव्याची भर कशाला? दुसरी म्हणते, स्किमरने एवढे काढूनही प्रवाळ वाढतातच, मग दिव्यालाच दोष का? फायटोप्लँक्टन किंवा कोपेपॉड टाकल्यावर काही तास दिवा बंद ठेवण्याची तडजोड बहुतेकांनी स्वीकारली आहे.

तिसरा आक्षेप अलीकडचा आणि माझ्या मते सर्वात गंभीर आहे. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी मत्स्यशेतीतल्या फेरवापराच्या पाण्यावर काम करताना असे मांडले, की पाणी निर्जंतुक केले की अन्न तेवढेच राहते आणि खाणारे कमी होतात. मग ती रिकामी जागा आधी पकडतात ते झपाट्याने वाढणारे, संधिसाधू जिवाणू, आणि त्यांत रोगकारकांचे प्रमाण जास्त असते. त्यांच्या २०२१ मधल्या अभ्यासात, पाण्याच्या फेऱ्यात यूव्ही लावलेल्या यंत्रणेत युरोपीय लॉबस्टरच्या अळ्या कमी जगल्या. अळ्यांची टाकी आणि प्रवाळाचा टँक यांत फरक आहे. टँकमध्ये खडकाचा प्रचंड पृष्ठभाग आणि त्यावरचा स्थिर जीवसमूह असतो, तो कदाचित असा तोल जाऊ देत नाही. पण ‘दिवा लावून ठेवला तर बिघडते काय’ या सवयीच्या उत्तराला हा अभ्यास धक्का देतो.

औषधांबाबत वाद नाही. बरीच औषधे आणि संयुगात बांधलेली तांबे-लोहासारखी द्रव्ये या किरणांनी मोडतात, म्हणून उपचार चालू असताना दिवा बंद ठेवावा.

मुंबई-पुण्याच्या घरात

आपल्याकडे या हिशेबात उष्णता धरावीच लागते. ४० वॅटचा दिवा चोवीस तास चालला तर दिवसाला जवळजवळ एक युनिट वीज जाते आणि ती जवळपास सगळी पाण्यात उष्णता म्हणून उतरते. ही उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले तर ४०० लिटर पाणी रोज सुमारे दोन अंशांनी तापेल. मे महिन्यात चिलर आधीच धापा टाकत असतो, त्यात हे ओझे वाढते. थंड हवेच्या देशांतला ‘कायम चालू ठेवा’ हा सल्ला इथे जसाच्या तसा घेण्याआधी चिलरची क्षमता आणि विजेचे बिल पाहावे. माझा कल इथे गरजेपुरत्या वापराकडे आहे. दिवा घरात असावा, नीट बसवलेला असावा, आणि काम असेल तेव्हा पूर्ण ताकदीने चालावा. खाऱ्या पाण्याशेजारी वीज असल्याने आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, आणि जुना दिवा पारा असल्यामुळे घरच्या कचऱ्यात टाकू नये.

काय ठरायचे आहे

क्रिप्टोकॅरिऑनसाठी सुचवलेल्या मात्रांमध्ये जवळजवळ तिप्पट फरक आहे आणि विक्रेते त्यातला सोयीचा आकडा छापतात. डायनोच्या यशोगाथांमध्ये दिव्याबरोबर पोषकद्रव्ये वाढवणे, तीन दिवस अंधार करणे, कार्बन बदलणे असे बरेच काही एकदम केलेले असते. त्यातला दिव्याचा वाटा वेगळा काढायचा तर सारख्या टँकच्या जोड्या हव्यात, ज्यांत फक्त दिवा वेगळा असेल. पाऱ्याऐवजी आता येणारे यूव्ही-सी एलईडी २६५ ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतात, पण वॅटवर बांधलेले जुने ठोकताळे त्यांना लावता येणार नाहीत.

सतत चालणाऱ्या दिव्याने वर्षभरात टँकच्या जीवसमूहाचे काय होते, हा प्रश्न ट्रॉन्डहाइमच्या कामानंतर टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. टँकच्या पाण्याची आणि खडकावरच्या पापुद्र्याची डीएनए तपासणी आता काही देशांत हौशी लोकांनाही करून मिळते. दिवा लावण्याआधी एक नमुना, तीन महिन्यांनी दुसरा, आणि त्यांच्यासोबत दिव्याचे वय, प्रवाह आणि नळी शेवटची कधी पुसली याची नोंद, एवढे जरी पुरेशा टँकमधून जमा झाले तरी या प्रश्नावर आकड्यांनी बोलता येईल.